टँकरखर्चाचा आलेख: सदस्यांच्या वकुबानुसार मार्गदर्शन

सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे टँकरच्या पाण्याचा बारा महिन्यांचा खर्च मांडायचा आहे. बारा आकडे नुसते वाचून दाखवले तर ते सगळ्यांना कळतील. नेमके हेच टाळायचे असल्यामुळे आलेख हवा. तो कशात काढायचा हे आकडे पाहून ठरवू नये. काढणाऱ्याला कोडिंग किती येते ते पाहून ठरवावे.

ज्यांना अजिबात येत नाही, त्यांनी एक्सेल सोडू नये. आकडे निवडून थ्रीडी पाय चार्ट घ्यावा. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली वर्तुळाचे भाग पाडून आलेख छापला, तेव्हा तो बिचारा सपाट होता. त्याला जाडी देऊन आडवा पाडायची सोय संगणकाने केली. आडव्या वर्तुळात पुढची फोड आहे त्याहून मोठी दिसते आणि मागची आक्रसते. म्हणून मे महिना कायम मागे फिरवावा. कोन बदलायचा पर्याय त्यासाठीच दिला असावा. बारा फोडी, बारा रंग आणि बाजूला रंगांची यादी ठेवली, की प्रश्न विचारायला उठलेला सदस्य रंग जुळवता जुळवता खाली बसतो.

थोडी हौस असलेल्यांसाठी डेटारॅपर आहे. तक्ता चिकटवला की आलेख तयार, कोडची एक ओळ लागत नाही. पण हे साधन पत्रकारांसाठी निघाले, त्यामुळे आलेख साधे आणि स्वच्छ येतात. हा दोष गंभीर आहे. मे महिन्याचा खांब उंच दिसतो आणि टँकरवाला कोणाचा मेहुणा, हा विषय निघतो. त्यापेक्षा फ्लरिश बरे. त्यात ए विंग, बी विंग अशी खांबांची शर्यत लावता येते. लोक आपापल्या विंगला टाळ्या देतात.

टॅब्लो आणि पॉवर बीआय ज्यांच्या ऑफिसात आहेत, त्यांनी ते ऑफिसातच ठेवावे.

आता कोडवाले. आर ही भाषा येणाऱ्यांनी जीजीप्लॉट२ ही लायब्ररी घ्यावी. मेंटेनन्स वाढवायचा असेल, तर किरकोळ वाढही डोंगराएवढी दिसावी म्हणून उभा अक्ष शून्याऐवजी ४०,००० पासून सुरू करावा. मात्र अक्षाच्या मर्यादा ‘वायलिम’ने दिल्यावर खांबच गायब होतात, कारण त्यांचा तळ शून्यावर असतो. ही लायब्ररीची नीतिमत्ता समजून घाबरू नये. त्याच मर्यादा ‘कोऑर्ड कार्टेशियन’मध्ये दिल्या, की पाय कापलेले खांब मुकाट परत येतात.

पायथनवाल्यांनी मॅटप्लॉटलिब वापरावे आणि महिन्यांची नावे आग्रहाने मराठीत घालावीत. आधी नावांच्या जागी चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला की बऱ्याच आवृत्त्यांत ‘एप्रिल’मधले जोडाक्षर फुटते, आणि आधी यायची ती ऱ्हस्व वेलांटी मागाहून उगवते. या झटापटीत रात्र गेली, की पहाटे नावांच्या जागी १ ते १२ आकडे टाकावेत. १ म्हणजे जानेवारी की आर्थिक वर्षातला एप्रिल, हे कुठेही लिहू नये.

जावास्क्रिप्ट कोळून प्यायलेल्यांसाठी २०११ साली आलेले डी३ आहे. माइक बोस्टॉक आणि सहकाऱ्यांच्या या लायब्ररीत तयार आलेख मिळत नाही. मोजपट्टी, अक्ष, खांब एकेक करून बांधावे लागतात. सभेच्या दिवसापर्यंत सुबक अक्ष तयार होतो. तो पडद्यावर दाखवावा, आणि खांबांचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्याचा ठराव सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट खिशात तयार ठेवावा.