पाण्याचं वावडं असलेली नळी

"अगं, कपडे मग वाळत घाल, आधी इकडे ये. क्योटोची बातमी आहे."

"भाचा जपानला गेला की काय, काकू?"

"छे, तो इथेच पाषाणला. पण तोंडी सारखं कितागावा, कितागावा. आणि कितागावा तरी किती? दोन! सुसुमु म्हणजे 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेलवाले. दुसरे हिरोशी. ही नळी हिरोशींच्या गटाची, 2020 ची."

"कसली नळी?"

"प्लॅटिनमची."

"अगं बाई! अंगठीतलं?"

"तेच. प्लॅटिनम, ब्रोमीन आणि सेंद्रिय रेणू जोडून चौकोनी नळी उभी केली. आत पाणी, पण आतल्या भिंतीला पाण्याचं वावडं."

"मग राहतं कसं?"

"चांगलं नटून बसतं! चारचार, आठआठ रेणूंचे गट, एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून. बर्फाचीच नळी म्हण. स्फटिक असल्यामुळे कोण कुठे बसलंय ते दिसलं तरी. कार्बनच्या नळ्यांत ती सोय नाही. त्या धड स्फटिक होत नाहीत, वर पाण्यातून प्रोटॉन किती जातो ते बघावं तर स्वतःच वीज वाहतात. मग मोजायचं कोणाला, प्रोटॉनला की इलेक्ट्रॉनला?"

"आणि प्रोटॉन त्या पाण्यातून पळतो?"

"पळतो कुठला! एक रेणू प्रोटॉन घेतो आणि आपल्याकडचा दुसराच पुढे ढकलतो. आत शिरला तोच बाहेर पडेल असं नाही."

"म्हणजे आपल्या गल्लीतली बातमी. निघते एक, पोचते भलतीच."

"तसंच. ग्रोटुस नावाच्या पोरानं 1806 मध्येच असं काहीसं मांडलं होतं, प्रोटॉन हे नावसुद्धा नव्हतं तेव्हा. मेख पुढे आहे. एक प्रोटॉन दिला की पुढचा घ्यायला रेणूला वळावं लागतं. भिंतीनं धरून ठेवलं तर वळेल कसा? ही भिंत धरतच नाही. नळीच्या दिशेनं मोजलं तर सेंटीमीटरला एक शतांश सीमेन्स वहन."

"खूप झालं का ते?"

"असल्या स्फटिकाला खूपच. इंधनघटात वापरतात तो नॅफिऑनचा पडदा अजून पुढे आहे म्हणा. 2022 मध्ये पुण्यात हायड्रोजनची बस दाखवली ना, तसल्या इंधनघटात प्रोटॉनला वाट देणारा पडदाच लागतो."

"मग त्यात ही नळी बसवणार?"

"प्लॅटिनमची? तिकीट परवडेल का तुला! ही पाणी कसं वागतं ते बघायला. पडद्यात सगळी गिचमिड, इथे रेणू न् रेणू जागेवर."

"ते असू दे. भाच्याचं कुठे जमतंय का?"

"विचारलं की म्हणतो, आधी स्फटिक जमू दे."