भाच्याचे चान्सेस

मृगाच्या सरी आणि सीईटीचा निकाल या दोन गोष्टी कोल्हापूर शहरावर साधारणतः एकाच सुमारास, म्हणजे जूनच्या मध्याला उतरतात. आणि पहिलीविषयी वेधशाळा ज्या संकोचाने भाकीत करते त्याच्या शतांशानेही संकोच न बाळगता दुसरीचे परिणाम वर्तविणारे जाणकार या शहराच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालमीच्या कट्ट्यावर आणि प्रत्येक चहाच्या गाड्याभोवती विपुल प्रमाणात आढळतात. बारावी उतरलेले पोर ज्या घरात आहे त्या घराकडे येणारा प्रत्येक इसम, मग तो रतिबाचे दूध घालणारा असो की प्रत्यक्ष व्याही असो, उंबऱ्यात पाऊल टाकण्यापूर्वीच विचारता होतो, "मग? चान्सेस किती हायत?" पोर कोणते, चान्सेस कशाचे, आणि ते जाणून घेऊन विचारणाऱ्याचा फायदा काय, हे प्रश्न अशा वेळी गैरलागू ठरतात.

आमच्या धाकट्या भगिनीच्या चिरंजीवांस ९६.४३१२०८७ पर्सेंटाइल पडले. ज्याने उभी हयात सरकारी कोषागारात जमाखर्चाची बिले तपासण्यात घालविली, आणि ज्याच्या लेखी पैशाच्या दोन अंकांपलीकडील प्रत्येक आकडा हा निव्वळ चैनीचा प्रकार होता, अशा माझ्यासारख्या माणसाला दशांशचिन्हापुढील ही सात अंकांची फौज पाहून प्रथम आदर व नंतर संशय वाटणे स्वाभाविक होते. मी भाच्याला पृच्छा केली की बाबा रे, दोनशेपैकी तुला गुण किती? त्याने शांतपणे सांगितले, "मामा, ते कुणी विचारत नाही."

आणि ते खरेच होते. भौतिक व रसायन या विषयांस प्रश्नागणिक एक गुण, गणितास दोन, आणि चुकीच्या उत्तराबद्दल काहीच वजावट नाही, इतकी उदार परीक्षा घेऊन झाल्यावर, ती अनेक दिवस अनेक सत्रांत झाली असल्याकारणाने, सरकार त्या गुणांना बाजूस सारते आणि तुझ्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळविणारे शेकडा किती, एवढेच जाहीर करते. आमच्या वेळी मिळालेले गुण, थोडे असोत वा बहुत असोत, ते ज्याचे त्याच्या मालकीचे असत; नापासाचे अपयशसुद्धा स्वकष्टार्जित असे, आणि 'मॅट्रिक नापास' ही अक्षरे पाटीवर लिहावीत इतक्या ताठ मानेने मिरविणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. पर्सेंटाइल ही मात्र मालमत्ता नसून नाते आहे. नांदेडच्या किंवा नाशिकच्या कुणा अनोळखी मुलाने त्या दिवशी गणिताचे दोन प्रश्न चुकविले म्हणून कोल्हापुरात पेढे वाटले जातात, आणि ज्याच्या चुकीमुळे ते वाटले गेले त्याला मात्र त्यातला तुकडाही पोहोचत नाही, यातील अन्यायाकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

चिरंजीवांच्या चान्सेसचा फैसला गंगावेशीतील दूधकट्ट्यावर व्हावयाचा होता. डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हाती देणारी ही संस्था बाहेरगावच्या लोकांना केवळ आहाराशी संबंधित वाटते. परंतु सायंकाळनंतर तेथे जमणाऱ्या मंडळींचा अधिकार पाहता तिला दिवाणी अदालतीचा दर्जा देणेच उचित होय. या अदालतीतील मुख्य पंच एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी आपल्या सेवाकाळात सातबाराचे जेवढे उतारे लिहिले असतील त्याहून अधिक कटऑफ त्यांना आज मुखोद्गत आहेत, आणि जीओपनएच, एलओपनएस, टीएफडब्ल्यूएस ही जागांच्या प्रकारांची सांकेतिक अक्षरे ते अशा सहजतेने उच्चारतात की ऐकणाऱ्यास ती एखाद्या प्राचीन ताम्रपटातील असावीत असे वाटते. पेल्यातील सायीवर फुंकर घालून त्यांनी आमच्या दाजींना, म्हणजे भाच्याच्या तीर्थरूपांना, निकाल ऐकविला.

"शहाण्णव म्हंजे पोरगं राज्यात पंधरा हजाराच्या आसपास. पुण्याचं सीओईपी कॉम्प्युटरला नव्व्याण्णव पॉइंट नऊच्या घरात बंद होतंय. ते सोडा. पर दुसरी कुठली ब्रँच, पुढच्या राउंडला... चान्स हाय."

आता चार लाखांहून अधिक मुले ज्या परीक्षेस बसतात तिच्यात पंधरा हजारावा क्रमांक म्हणजे खरे पाहता अभिनंदनीयच गोष्ट. परंतु पंधरा हजार या संख्येचा उच्चार होताच दाजींच्या चक्षूंपुढे खासबागेच्या कुस्ती-मैदानाच्या पायऱ्या गच्च भरून बसलेली आणि आपल्या पुत्राकडे पाठ फिरविलेली मुले उभी राहिली असावीत, कारण त्यांनी दुधाचा पेला तसाच खाली ठेवला. पुण्याचे हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र राज्य विद्यापीठ झाले तेव्हापासून दाजींच्या मनात त्याच्याविषयी जी भक्ती उत्पन्न झाली आहे तिचे कारण एवढेच की एकाच दाखल्यावर 'पुणे' आणि 'विद्यापीठ' ही दोन्ही नावे त्यांना एकत्र पाहावयाची आहेत.

वास्तविक चान्सेसचा हा प्रश्न या नगरीस नवा नाही; त्याचा पोशाख तेवढा वेळोवेळी बदलत आला. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले त्याच सुमारास कागलहून शिकावयास आलेला गोपाळ कृष्ण गोखले नावाचा मुलगा या कॉलेजात दाखल होऊ शकला तो त्याच्या थोरल्या भावाने स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडून नोकरी धरली म्हणून. म्हणजे त्या वेळी चान्सेस मोजावयाचे ते दशांशात नव्हे, भावाच्या पगारात. पुढे खेड्यापाड्यांतील हुशार पोरांचे घोडे अडले ते बुद्धीवर नसून राहण्या-जेवण्यावर अडले आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले, आणि १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांपासून आरंभ करून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची अशी रांग लाविली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी हे नाव पडले. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबाराने मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा जो हुकूम काढला, त्याने या वर्गांतील पोराला शिकून करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तरच देऊन टाकले. ताटात भाकरी आणि शेवटी नोकरी, ही दोन टोके एकदा बांधली की मधला अभ्यास मुले आपण होऊन करतात, असा तो सरळ हिशेब होता; आजच्या चान्सेसच्या हिशेबांत मला तितका सरळ हिशेब क्वचितच आढळतो.

तथापि विद्यापीठ म्हणावे असे काही गावात नव्हते. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी आधी मुंबई विद्यापीठाचा, आणि पुणे विद्यापीठ निघाल्यावर १९४९ पासून पुण्याचा आश्रित झाला; ना. सी. फडके आणि माधव जूलियन यांच्यासारखे अध्यापक ज्या कॉलेजात शिकवून गेले, तेथील मुलांच्या पदवीवरची मोहर मात्र परगावची असे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि इतिहासाचे गाढे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले, तेव्हा ही आश्रितदशा संपली. त्यानंतर काही वर्षांनी मी जेव्हा अकरावीची एस.एस.सी. उतरून गुणपत्रिकेसह कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलो, तेव्हा पलीकडच्या कारकुनाने गुणपत्रिकेकडे दृष्टिक्षेपही न टाकता "फी आणलीस काय?" एवढाच सवाल केला, आणि मी होय म्हणताच माझे चान्सेस शंभर टक्के होऊन गेले. माझा हा अनुभव मी दूधकट्ट्यावर कथन केला असता तलाठ्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा माणूस सहसा आपल्या वडिलार्जित जमिनीच्या गहाण पडलेल्या तुकड्याकडे पाहतानाच दाखवितो.

मध्यंतरी दाखल्यांचे प्रकरण उपटले. ज्या मुलाची मजल पूर्वेस शिरोळ व पश्चिमेस पन्हाळा यांच्यापलीकडे फारशी गेलेली नाही, त्याने वय, राष्ट्रीयत्व व अधिवास या तिन्ही गोष्टी कागदोपत्री शाबीत कराव्यात असे फर्मान असल्यामुळे दाजी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत रुजू होऊ लागले. एका कागदावर त्यांच्या नावापुढे 'राव' होते व दुसऱ्यावर नव्हते. हे दोन्ही इसम एकच आहेत, हे पटविण्यासाठी दाजींना प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि ते करीत असता, "राव ठेवू का काढू?" या टंकलेखकाच्या प्रश्नावर, पंचवीस वर्षांच्या संसारात प्रथमच, त्यांनी बायकोचा सल्ला विचारला. भगिनीने "काढा" म्हणून सांगितले.

नंतर आला तो ऑप्शन फॉर्म. उमेदवाराने आपल्या पसंतीची महाविद्यालये व शाखा क्रमवार लिहावयाच्या, आणि त्या तीनशेपर्यंत लिहिण्याची मुभा! तीनशे गोष्टींवर, त्याही क्रमवार, प्रेम करणे हे मनुष्यस्वभावास झेपणारे आहे काय, याचा विचार ज्यांनी हा नियम केला त्यांनी केला असेलच. राजारामपुरीच्या एका गल्लीत फी घेऊन असा क्रम लावून देणारे एक सल्लागार आहेत, त्यांनी संगणकातून बारा पानी कागद काढून दिला, ज्यात प्रत्येक जागेपुढे हिरवा, पिवळा किंवा तांबडा ठिपका होता. तो कागद दूधकट्ट्यावर नेला असता तलाठ्यांनी निम्मे हिरवे ठिपके पेन्सिलीने पिवळे केले व जत्रेतल्या मैदानात वस्ताद जोड्या लावतो त्या थाटाने पुण्याच्या कॉलेजांपुढे मुंबईची, मुंबईपुढे सांगलीचे वालचंद, अशी नवी जोडणी आखून दिली. भाचा मागे उभा राहून कानाला लावलेल्या तारेतून काहीतरी ऐकत होता. त्याच्या पायांत फुटबॉलचे बूट होते, कारण तो पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा उजवा बचावपटू आहे, आणि कोल्हापुरात ही गोष्ट पर्सेंटाइलहून अधिक लोकांना ठाऊक असते. त्याचे मत विचारण्याचे कोणास सुचले नाही, मलाही नाही.

या खटाटोपात 'होम युनिव्हर्सिटी' नामक कलमाचा उलगडा झाला तेव्हा मला विशेष मौज वाटली. बऱ्याच महाविद्यालयांतील बहुतांश जागा त्या त्या विद्यापीठाच्या मुलखातील मुलांना असतात, म्हणून आपला मुलूख कोणता हे प्रथम ठरवावे लागते. शिवाजी विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्या पदरी सोलापूर आणि रत्नागिरीही होते. रत्नागिरी मुंबईकडे गेले, सोलापूरने २००४ साली स्वतःचे बिऱ्हाड थाटले, आणि आता कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे तेवढे उरले. तेव्हा साताऱ्याची हद्द संपून नीरा ओलांडली की आमचा भाचा परमुलखातला ठरतो. ज्या नीरेच्या पुलावरून आमची पिढी पुण्याला नोकऱ्या धुंडाळत गेली त्या पुलावर आता जकात नाही, चौकी नाही, पण गणकयंत्राच्या पोटात एक अदृश्य नाका उभा आहे, हे समजल्यावर दाजींनी त्याविरुद्ध पालकमंत्र्यांना दरखास्त देण्याचा मनोदय व्यक्त केला. तलाठ्यांनी त्यांना थोपविले. म्हणाले, हेच कलम सांगलीला आपल्या बाजूनं लागतंय, बोलू नका.

पहिल्या फेरीचा निकाल सायंकाळी लागावयाचा होता, म्हणून मंडळी दूधकट्ट्यावर आगाऊच जमली. भाच्याने मोबाइल दाजींच्या हाती दिला. पडद्यावर जी अक्षरे होती ती दाजींनी एकदा मनात व एकदा मोठ्याने वाचली. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर, तंत्रज्ञान अधिविभाग, पसंतीक्रमांक एक, पहिल्या पसंतीची जागा मिळाल्याने प्रवेश आपोआप फ्रीज. म्हणजे पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद.

"एक नंबरला हे कुणी घातलं?" तलाठी उद्गारले. बारा पानांच्या त्या कागदात हे नाव सत्तावन्नावे होते, आणि हिरव्या ठिपक्याने एवढे ठसठशीत हिरवे होते की त्याची कोणी गणनाच केली नव्हती.

फॉर्म पक्का करण्यासाठी लागणारा ओटीपी ज्या मोबाइलवर येत होता, तो मोबाइल भाच्याचा होता. तो म्हणाला, "मी घातलं. हिवाळ्यात के.एस.ए.ची लीग सुरू हुत्या. पुण्यातनं मॅचला दर खेपेला कोण येणार? आणि मामा, तिथं मोर हायत. रस्त्यावर फिरतात. मैदान तर असलं मोठं हाय."

मी त्याच्या बाजूने काहीतरी बोलावे असे त्याच्या नजरेत दिसले, आणि आठशे पन्नास एकरांच्या त्या परिसरातील तळी, झाडी, मोर आणि वि. स. खांडेकरांचे संग्रहालय यांची मी यथामती तरफदारी केली; पण खांडेकरांचा उल्लेख अभियांत्रिकीच्या प्रवेशात कितपत उपयोगी पडतो याविषयी कट्ट्यावर मतभेद झाला. दाजी काहीच बोलले नाहीत. भगिनीला फोन लावला तेव्हा ती मात्र खुशीत म्हणाली की बरे झाले, जेवायला घरी येईल.

तलाठी क्षणभर हिरमुसले. हातातील पेल्यातले दूध त्यांनी एका दमात संपविले, मिशीवरचा फेस पुसला आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून समजावणीच्या स्वरात सांगितले, "काळजी करू नका. चार वर्सांनी गेट द्यायची. आयआयटीला एम.टेक. म्हंजे कम्प्युटर, इलेक्ट्रिकल, कुठली ब्रँच घ्यायची ते आपण आत्ताच बघून ठेवू. जनरलचा कटऑफ लिहून घ्या."

दाजींनी खिशातले पेन काढले.