निदान कुम्हारीपर्यंत

ट्रकच्या पुढच्या भागाचं काम करून आणलं की मालकाला काही दिवस फार बरं वाटतं. पैसे खर्च झालेले असतात, त्यामुळे गाडी सुधारलीच असणार, असा त्याचा हिशेब असतो. गाडीचा हिशेब वेगळा असतो, पण तो तिला कोणी विचारत नाही.

आमच्या मामांचा एक सहाचाकी ट्रक आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हा त्यांच्यासोबत जी मराठी घराणी छत्तीसगडात उतरली त्यांत आपलंही होतं, असं मामा सांगतात. तेव्हा दारात घोडा होता म्हणे. आता भिलाईच्या सळ्या नागपूरला पोचवणारा ट्रक आहे. तो दारात मावत नाही, कारण रायपूरच्या तात्यापाऱ्यातली आमची गल्ली घोड्याच्या मापाची आहे. या ट्रकचे पुढचे पाटे पार बसले होते. मामांनी मन मोठं केलं आणि दोन्ही बाजूंचे पाटे, बुश, शॅकल पिना, यू-बोल्ट, शॉकअब्सॉर्बर असं सगळं एका गॅरेजात नवं घातलं. गाडी घेऊन आले ते हर्षभरित होऊन.

"एका बोटानं फिरून राहिलं बे स्टेअरिंग! पॉवर स्टेअरिंगवाल्यांनी येऊन पाहावं!"

ड्रायव्हरचं मत जरा निराळं पडलं. तो जुना माणूस, मालकाचा मान राखून बोलणारा. पहिली खेप टाकून आल्यावर तो म्हणाला, "मालिक, चलती तो अच्छी है, पर जिधर उसका मन हो उधर चलती है."

म्हणजे असं की सरळ रस्त्यावर ट्रक कधी डिव्हायडरकडे ओढ घ्यायचा, तर कधी साइडपट्टीकडे. हातांना क्षणाची उसंत नाही. वळण संपलं की स्टेअरिंगने आपणहून जागेवर यावं, ते येत नव्हतं; वळवलं तिथेच बसून राहायचं. आणि चाकं सरळ असली तरी स्टेअरिंगची दांडी सव्वादहा वाजवत असायची.

मामांनी उपाय सुरू केले. प्रथम टाय रॉड एंड बदलले. मग पुढची चाकं इकडची तिकडे केली. मग टाटीबंधला कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून घेतलं. तिथे एक रंगीत कागद मिळाला. हिरव्या आकड्यांकडे बोट दाखवून मामांनी तो महाराष्ट्र मंडळात चारचौघांना दाखवला. एका ओळीत, कॅस्टर नावाच्या, आकडे लाल होते आणि त्यांच्याआधी उणे चिन्ह होतं. पण एवढ्या हिरवळीत दोन लाल आकडे कोण बघतो? कागद केबिनमध्ये गजानन महाराजांच्या तसबिरीमागे गेला. निदान झालेलं होतं, ते फक्त महाराजांना माहीत होतं.

शेवटी एका सकाळी ड्रायव्हरने रिकामा ट्रक भिलाईकडे काढला, खारूनचा पूल कसाबसा ओलांडला आणि कुम्हारीला रस्त्याकडेला लावून फोन केला, "इससे आगे मैं नहीं, भगवान ले जाएगा." मामा निघाले. ट्रकमधलं मला काही कळत नाही, म्हणून सोबत मला घेतलं. कळणाऱ्यांशी त्यांचं पटत नाही.

हा रस्ता म्हणजे जुना सहा नंबरचा महामार्ग, आताचा त्रेपन्न. इथले लोक जी.ई. रोड म्हणतात. भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि तिच्या मागोमाग अख्खा देश इथे राहायला आला. त्यामुळे कुम्हारीला बंद पडलेल्या ट्रकला सर्व प्रांतांचा सल्ला एकाच जागी मिळतो. एक सरदारजी उतरले नि म्हणाले, स्टेअरिंग बॉक्स उतरवा. आंध्रचा एक ड्रायव्हर किंग पिनवर ठाम होता. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, रशियन मशिनरीला हे असलं कधी व्हायचं नाही. ते तेवढंच सांगायला थांबले होते. प्रत्येकजण टायरला एक लाथ मारून मगच बोलत होता. गाडीखाली मात्र कोणी वाकलं नव्हतं.

वाकला तो तिथलाच एक मिस्त्री. सुकलेला, कमी बोलणारा. "क्या-क्या बदला है?" एवढंच त्याने विचारलं आणि नव्या सामानाची यादी पूर्ण ऐकून घेतली. चांगली गाडी ज्या दिवशी बिघडली त्या दिवशी तिला कोणी हात लावला होता, हा पोलिसी प्रश्न इतक्या विद्वानांपैकी कोणालाच सुचला नव्हता. मग त्याने मला केबिनमध्ये बसवलं. "मैं बोलूँ तब घुमाना. क्लीनर साइड, फिर ड्राइवर साइड."

सहाचाकी ट्रकच्या स्टेअरिंगवर बसल्यावर माणसाचा स्वभाव बदलतो. खालून "क्लीनर!" आलं की मी डावीकडे, "ड्राइवर!" आलं की उजवीकडे. चाकं जमिनीवर टेकलेली, आणि तो खाली आडवा पडून एकेक सांधा बोटाने चाचपत होता. सांधा ढिला असेल तर त्या ओढाताणीत हलतो. एकही हलला नाही. मग त्याने चाकांना दगड लावले, पुढचा अॅक्सल उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि ड्रॅग लिंक सोडली, म्हणजे चाकं आणि माझं स्टेअरिंग यांचा संबंध तोडला. चाक हाताने ढकललं तर अलगद फिरलं. किंग पिन निर्दोष. आंध्रवाले चहाकडे वळले. मी स्टेअरिंग फिरवलं तर तेही कुठे अडलं नाही. बॉक्स निर्दोष, सरदारजींनी दुसरी लाथ मारली.

मग मिस्त्री पलीकडच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ घेऊन आला. ट्रकला पाणसळ लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. अॅक्सल पुन्हा टेकवून त्याने ती अॅक्सलच्या बैठकीपाशी धरली, बुडबुडा पाहिला, पाटा आणि अॅक्सलच्या मधली माती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली आणि पहिल्यांदाच हसला. "पच्चर उल्टा है. दोनों तरफ."

कुणीतरी आपल्या कामात पाचर मारली, असं मामा आयुष्यभर म्हणत आले. या वेळी ती खरोखर लोखंडाची होती आणि त्यांनीच तिचे पैसे दिले होते. पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये एक निमुळती पट्टी असते, कोन असतो जेमतेम दोन-तीन अंशांचा. तिची जाड बाजू मागे हवी, म्हणजे अॅक्सल किंचित मागे कलतो आणि चाक जिच्याभोवती वळतं त्या किंग पिनचं डोकंही. हाच तो कॅस्टर, कागदावर लाल असलेला. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी पोरं सरळ जातात. चाक टेकतं ती जागा वळणाच्या रेषेच्या मागे राहते आणि चाक आपणहून सरळ होतं. आमच्या ट्रकची जाड बाजू पुढे होती. चाकाला सरळ राहण्याचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून ते इतकं हलकं फिरत होतं. मामांचा आनंद आणि ड्रायव्हरचा घाम एकाच पट्टीतून निघालेले होते.

यू-बोल्ट सैल होईपर्यंत चहा झाला आणि श्रेयाची वाटणीही. स्टेअरिंगच्या बाबतीत ही रीत जुनीच आहे. वळताना आतलं चाक जास्त आणि बाहेरचं कमी वळतं, ती रचना अॅकरमनच्या नावाने ओळखली जाते. रुडॉल्फ अॅकरमनने १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं; ती शोधली होती म्युनिकच्या लँकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्याने. त्याला कोणी विचारत नाही. कुम्हारीतही तोपर्यंत सरदारजी फोनवर कुणाला तरी सांगत होते की आपण आधीच अॅक्सलकडे बोट दाखवलं होतं.

पाचरी सुलट झाल्या. यू-बोल्ट आळीपाळीने, आडव्यातिडव्या क्रमाने आवळले गेले. नवे पाटे उंच, त्यामुळे ड्रॅग लिंकचं माप चुकलं होतं. ते जुळवल्यावर दांडी सरळ झाली. माल भरून काहीशे किलोमीटर पळवा आणि बोल्ट पुन्हा आवळून घ्या, असं मिस्त्रीने बजावलं. ड्रायव्हर नाक्यापर्यंत फेरी मारून आला, दोन्ही हात जोडत. मग मामा स्वतः चढले, वळवून पाहिलं आणि चेहरा पाडून उतरले.

"जड झालं बे. आता दोन हात लागून राहिले."

मिस्त्रीला त्यांनी बाजूला घेतलं आणि निदान एका बाजूची पाचर तरी पहिल्यासारखी ठेवता येईल का, असं हळूच विचारलं. त्याने पाना पुसला आणि पुढे केला.

"रख लो मालिक. पर फिर ड्राइवर भी आप ही रहना."