आडनाव चढवायला तांदूळ, उतरवायला राजपत्र

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यात नवे नाव रेखायचे, पेढे वाटायचे, झाले. ना शपथपत्र, ना नोटरी, ना फी. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात बाईने आडनाव बदलावे असे एक अक्षर नाही. तरी तांदळातले ते नाव वर्षभरात बँकेत, रेशनकार्डावर आणि वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या पाटीवर जाऊन बसते. पाटीवर तरी कुठे, तिथे बहुतेक नुसता नवराच असतो.

पुढे संसार मोडला आणि बाईला माहेरचे आडनाव परत हवे झाले, की सरकार खडबडून जागे होते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणा. प्रतिज्ञापत्र करा. महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्या. जुने नाव, नवे नाव, कारण. कारणाच्या रकान्यात दहा वर्षांचा संसार एका शब्दात बसवा.

आता या राजपत्राची गंमत बघा. नावबदलाच्या जाहिरातींसोबत शासन स्वतःच छापते, की मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून घेतला आहे, कागदपत्रांची पडताळणी केलेली नाही, सत्यतेची जबाबदारी आमच्यावर नाही. म्हणजे बाई सांगते ते सरकार छापते आणि हात झटकते. मग तेच पान बँकेच्या खिडकीवर ठेवले की साहेब मान डोलावतात. बाई समोर उभी राहून तेच सांगत होती तेव्हा ते खोटे होते.

आधारची तऱ्हा वेगळी. तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एकदा लग्नाला, एकदा घटस्फोटाला, हिशेब चोख. कुणी पुन्हा बोहल्यावर चढून पुन्हा आडनाव बदलू म्हणाली, तर प्रादेशिक कार्यालयाला साकडे घाला. शहाणपणा दाखवला तो पासपोर्टवाल्यांनी. डिसेंबर २०१६ पासून घटस्फोटितांना अर्जात जोडीदाराचे नाव लिहावे लागत नाही, हुकूमनामाही दाखवावा लागत नाही. देश सोडून जायला सोपे आहे. राहायचे असेल तर झेरॉक्स काढा.

केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने तर कमाल केली. नवऱ्याचे आडनाव टाकून माहेरचे घ्यायचे, तर घटस्फोटाची प्रत द्या, नाहीतर नवऱ्याचे ना-हरकत पत्र. याविरुद्ध २०२४ मध्ये एक बाई दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ना-हरकत! नावे तर गावेही बदलतात. आमची वसई पोर्तुगिजांची बासाईं होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ती बाजीपूर झाली, इंग्रजांनी तिला बॅसीन केले, आता पुन्हा वसई आहे. १ ऑगस्ट २०१४ ला अख्खा पालघर जिल्हा ठाण्यापासून विभक्त झाला. रातोरात लाखोंच्या पत्त्यातला जिल्हा बदलला. ठाण्याची हरकत आहे का, असे वसईच्या एकाही घराला कुणी विचारले नाही.

बरे, आडनाव सोडायला त्रास, म्हणून ठेवावे म्हटले तर? २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुटुंब न्यायालयाचा आदेश कायम केला, की घटस्फोटितेने माजी नवऱ्याचे आडनाव लावू नये. तक्रार अर्थात नवऱ्याची. तांदळात लिहिताना दान होते, परत मागताना ट्रेडमार्क झाले. ज्या बाईची पदवी, पगार, पोराचा शाळेतला दाखला सगळे त्याच आडनावावर, तिने काय करावे? निदान नंतर उच्च न्यायालयाने कुटुंब न्यायालयाच्या नियमांत दुरुस्ती करून खटला माहेरच्या नावाने दाखल करायची मुभा दिली. नवऱ्याविरुद्ध लढायचे आणि कागदावर त्याचेच आडनाव, हा विनोद तेव्हा कुठे थांबला.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आईला मान दिला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव आधी, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. मंत्रालयात पाट्या बदलल्या, फोटो निघाले. आणि त्या आईचे स्वतःचे नाव? विवाहितेसाठी तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव ही जुनी चाल तशीच ठेवली. मालमत्तेच्या कागदांवर माहेरच्या नावाची सवलत तेवढी दिली. बाळाच्या नावात आई आली, आईच्या नावातून नवरा हलला नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा घोळ एका मुंबईकरणीने एका फटक्यात सोडवला होता. बालपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, जायचे नाकारले. १८८७ मध्ये न्यायालय म्हणाले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग. १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. खटल्यात रखमाबाई, दवाखान्यातही डॉक्टर रखमाबाई. पुढे काही नाही, मागे काही नाही.

२२ नोव्हेंबर २०१७ ला तिच्या १५३ व्या जन्मदिनी गूगलने तिचे चित्र लावले. खाली नाव: रखमाबाई राऊत. राऊत हे सावत्र वडिलांचे. नवऱ्याचे नको म्हणाली ना, मग हे घे.