काप की ताप?

"अगं ए, घरात वेखंडाचा तुकडा हाय का? नातवाची जीभ जड हाय. उगाळून चाटवीन म्हन्ते."

"वेखंडानं जीभ सुटत असती मावशी, तर अंगणवाडीत मी कशाला घसा फोडला असता? उलट जास्त पोटात गेलं तर पोरगं ओकून हैराण व्हायचं. झालंय काय?"

"पाचवं सरत आलं, तरी काकूला 'तातू' म्हन्तंय, गाडीला 'दाडी'. गावाचं नाव इचारलं तर 'तिलताला'!"

"सिरसाळ्याचं सोडा हो. स, र, ळ, सगळी अवघड अक्षरं एकाच नावात आलीत. र अन् ळ काही पोरांना सहा-सात वर्षांपर्यंत जमत नाहीत. पण क अन् ग चारपर्यंत यायला पाहिजेत, तिकडं बघू."

"त्याचा बाप तर गंमतच करतोय. तिकडं ऊसतोडीला कारखान्यावर कोपीपुढं सारी टोळी बसलेली, अन् ह्यो फोनवर म्हन्तो, 'बाळा, काकू म्हण.' पोरगं 'तातू' म्हनलं की हशा! आता फोन वाजला की वाकळंत तोंड खुपसतंय."

"मग बोलंल कसं ते? 'नीट बोल', 'परत म्हण' हे आधी बंद करा. त्यानं 'दाडी आली' म्हटलं, की तुम्ही म्हणायचं, 'व्हय रे, गाडी आली. केवढी मोठी गाडी!' चुकलास म्हणायचं नाही, अन् बरोबर शब्द दोनदा कानावर पडतो."

"येवढ्यानं येतंय व्हय?"

"नाही, पुढं मेहनत आहे. क म्हणताना जिभेची मागची बाजू वर टाळूला लागते. ह्याचं टोकच दातामागं जातंय, म्हणून त निघतो. हात धुऊन बोटानं टोक अलगद खाली धरा अन् क म्हणायला लावा. नाहीतर उताणं झोपवून म्हणून घ्या, जीभ जरा मागं सरकते. नुसता क जमला की का, की, कू. मग 'काकडी', मग 'काकडी दे'. एकदम वाक्यावर उडी नको."

"ते कुठं बसतंय गं एका जागी!"

"खेळ करा की. तुम्ही 'काप' म्हटलं की त्यानं बोटांची कात्री करायची, 'ताप' म्हटलं की कपाळाला हात लावायचा. आधी कानानं फरक ओळखू द्या. मग त्याला हुकूम सोडू द्या. त्याला 'काप' म्हणायचंय अन् तोंडातनं 'ताप' आलं, तर तुम्ही खुशाल कपाळ धरायचं. चूक त्याची त्यालाच कळंल. दहा मिनिटं बास, कंटाळला की बंद. अन् कान? पावसाळ्यात वाहत होता ना?"

"व्हय की. कोमट तेल सोडलं व्हतं."

"तेल-बिल काही सोडू नका. कान फुटला किंवा आत पाणी साठलं की ऐकू कमी येतं, अन् जे नीट ऐकूच येत नाही ते पोर बोलणार कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातनं दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ पासूनची योजना आहे, अठरा वर्षांपर्यंतची पोरं फुकट तपासतात. ऐकू न येणं, बोलायला उशीर, दुभंगलेला ओठ, सगळं त्यात बसतं. पण वाहत्या कानाला पथकाची वाट बघू नका. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जीभ खरंच खालून बांधलेली आहे का, तेही तेच बघतील. गावात कुणी कापून देतो म्हटलं तर ऐकू नका."

"आज फोन आला की आदी लेकालाच दम देते, हसायचं न्हाई म्हनून."

"दम कशाला? त्यालाच खेळात घ्या. त्यानं तिकडनं 'ताप' म्हणायचं, ह्यानं इकडं कपाळ धरायचं."

"ते करीनच. पर सात वर्साचा होईस्तोर माझा लेकच परळीला 'पल्ली' म्हनायचा, ते बी आज टोळीला सांगते. हसू दे की त्यास्नी!"