परिशिष्ट ‘ड’मधली रबरी बोट

नैसर्गिक आपत्ती सौम्यीकरण आराखड्यासाठी शहराला मिळणारे अनुदान हे सर्व अनुदानांत निरुपद्रवी मानले जाते. रस्त्याच्या अनुदानातून रस्ता करावा लागतो, शाळेच्या अनुदानातून निदान छपराचे पत्रे तरी बदलावे लागतात. आराखड्याच्या अनुदानातून फक्त आराखडा करायचा असतो. त्यामुळे ते स्वीकारण्याचा ठराव महासभेत चर्चेविना मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक मिळायला अडचण येत नाही, कारण विषय काय आहे हे दोघांनाही सही झाल्यावर कळले तरी चालते. विषय बहुधा ऐनवेळचा असतो. निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर परत जातो, आणि पूर्वसूचना, रात्रपाळी व सर्व खात्यांचा समन्वय या तिन्ही गोष्टी पालिकेत खरोखर दिसतात त्या याच एका आपत्तीच्या वेळी.

अनुदानाचा कायदेशीर पाया भक्कम आहे. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली, 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. तोवर आधी बुडायचे आणि मग मदत वाटायची, अशी सुटसुटीत पद्धत होती. 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी 80 आणि 20 अशी ठरली. शंभरातले 80 रुपये मुख्यतः आपत्ती आल्यानंतरच्या कामांसाठी, 20 रुपये तिची धार आधीच कमी करण्यासाठी. 2025 च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांना स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरणाची तरतूदही मिळाली. कायदा आला, पैसा आला, प्राधिकरण आले. पाऊस तर आधीपासूनच येत होता.

ठरावानंतर सल्लागार नेमला जातो. सल्लागार सर्व खातेप्रमुखांना विहित नमुन्यात माहिती मागतो, आणि बहुतेक खाती ‘निरंक’ असे कळवून मोकळी होतात. तरीही आराखडा दोनशे पानांच्या खाली येत नाही. शहराचा प्राचीन इतिहास, अक्षांश-रेखांश, 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या (नवी कुठून आणणार?), नद्या, टेकड्या, प्रमुख देवस्थाने आणि मान्यवरांचे संदेश एवढ्यात निम्मी पाने सरतात. पुढे धोक्यांची प्रतवारी करणारा रंगीत तक्ता असतो. तो पाहून कोणाचेही समाधान होते.

आराखड्याचा गाभा म्हणजे परिशिष्ट ‘ड’, उपलब्ध साधनसामग्री. त्यात दोरखंड, टॉर्च, घमेली, फावडी, सायरन आणि एक रबरी बोट असते. बोटीपुढे ‘नग 1, सुस्थितीत’ अशी नोंद असते. ही बोट अग्निशमन केंद्रात जिन्याखाली, ताडपत्रीत गुंडाळून, वर जुन्या खुर्च्या रचून ठेवलेली असते. तिची वल्ही भांडार विभागाकडे असतात, हवा भरायचा पंप उद्यान विभागाने कारंज्याच्या कामासाठी नेलेला असतो, आणि इंजिनासाठी पेट्रोल हवे तर मागणीपत्रावर तीन सह्या लागतात, पैकी एक सही करणारे साहेब पूर आला की पाहणी दौऱ्यावर असतात. वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला, बोट बाहेर निघते. त्या दिवशी ती घाटावर असते म्हणून अग्निशमन विभाग ती आपली म्हणून दाखवतो. उरलेले वर्ष तिचा पंप आपल्याकडे असल्याने उद्यान विभागही ती आपली म्हणूनच कळवतो. वल्ह्यांच्या जोरावर भांडार विभाग तिसरी नोंद करतो. सल्लागार तिन्ही पत्रके मिळवतो आणि आराखड्याच्या बेरजेत बोटी तीन होतात. तीन भागिले लोकसंख्या असे गणित मांडले, की शहराची पूरसज्जता ‘समाधानकारक’ निघते. एखादा फायरमन धीर करून सांगतो की बोटीला तळाशी ठिगळ लावायला हवे, हवा टिकत नाही. ठिगळाचा खर्च किरकोळ असतो, पण अनुदान नियोजनाच्या लेखाशीर्षाखाली आलेले असते आणि ठिगळ मोडते देखभाल-दुरुस्तीत. नियोजनाचा पैसा दुरुस्तीला वळवला तर लेखापरीक्षक हरकत घेईल. मात्र ठिगळाचे नियोजन करायला कोणाचीच हरकत नसते. म्हणून आराखड्यात ‘जलवाहतूक साधनांचे सक्षमीकरण’ या नावाचे प्रकरण येते. कालमर्यादा अल्पकालीन, जबाबदारी संबंधित विभागाची. प्रकरण अकरा पानी असते. संबंधित विभाग कोणता, हे त्यात कुठेच सापडत नाही.

मे महिन्यात रंगीत तालीम होते. पालिकेच्या जलतरण तलावात बोट सोडतात, एक कर्मचारी बुडाल्याचा अभिनय करतो, दुसरे चौघे त्याला वर काढतात. तोवर बोटीतली हवा गेलेली असते, पण छायाचित्र आधीच निघालेले असते. तेच आराखड्याच्या मुखपृष्ठावर छापतात.

पूररेषांचे प्रकरण गंभीर असते. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मधे नियंत्रित. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यता. एक पूर येऊन गेला म्हणून पुढची चोवीस वर्षे सुट्टी मिळत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने हे 2019 आणि 2021 अशा एका वर्षाआडच्या दोन महापुरांत अनुभवले. नकाशावर निळी रेषा नदीकाठाने सरळ येते, एखाद्या मोक्याच्या भूखंडापाशी पोहोचल्यावर लाजल्यासारखी वळसा घेते आणि पलीकडे पुन्हा सरळ होते. पाणी वळसा घेत नाही.

नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या घरात पाणी का शिरते, याचा उल्लेख मात्र दोनशे पानांत कुठेही नसतो. ते शिरते कारण रस्ता वर आला आहे. डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना थर खरवडून काढायचा असतो. खरवडणे निविदेत असते, बिलातही असते, रस्त्यावर नसते. थरावर थर चढत जातो. चाळीच्या ओट्याला आधी तीन पायऱ्या होत्या, मग एक उरली, मग ओटा रस्त्याच्या पातळीला आला, आणि आता घरात जाताना दोन पायऱ्या उतराव्या लागतात. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. ही मोजमाप पुस्तकात नोंदलेली, सही-शिक्क्याची, देयक अदा झालेली आपत्ती आहे. त्या घरातली बाई दर जूनमध्ये गव्हाची कोठी विटांवर चढवते, मुलांची दप्तरे खिळ्याला टांगते, गाद्या पोटमाळ्यावर टाकते आणि दारात गोणपाटात वाळू भरून ठेवते. तिला अनुदान नाही, सल्लागार नाही, परिशिष्ट नाही. तिने केलेली तयारी शहरातल्या कोणत्याही खात्यापेक्षा जास्त आहे, आणि पाणी आल्यावर पंचनाम्याला आलेला माणूस तिलाच विचारतो, एवढ्या खोलगट जागेत घर घेतलेच कशाला? हे विचारायला ज्यांना लाज वाटत नाही, त्यांच्याच सहीने रस्ता वर गेलेला असतो!

आराखडा तयार झाला की त्याच्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या प्रती निघतात. एक प्रत मंत्रालयात जाते, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, उरलेल्या तळघरातल्या अभिलेख कक्षात. त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदान ज्या कारणासाठी मिळाले त्याच कारणासाठी खर्च झाले, असे त्यात लिहायचे असते, आणि या अनुदानाच्या बाबतीत ते शब्दशः खरे असते. आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे अपेक्षित असते. तो घेताना तारीख बदलतात. लेखापरीक्षणात या सगळ्या प्रक्रियेवर सहसा एकच आक्षेप निघतो: बांधणीचे काम दरपत्रके न मागवता दिले. त्याचे अनुपालन प्रलंबित असते.