आजोबांच्या मापाची टोपी

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात कापसाच्याही आधी फुटतात ते फ्लेक्स. त्यांची मांडणी ठरलेली. मधोमध हात जोडलेले 'भावी सरपंच', इतके गोरे की घरच्यांनीही दोनदा बघावं. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, लग्नपत्रिकेतल्या नावांसारखी दाटीवाटीने. आणि वर कोपऱ्यात, गोल चौकटीत, पांढऱ्या टोपीतले आजोबा. आजोबांची पुण्याई आणि नातवाचा चेहरा यांतच सगळा फ्लेक्स भरतो. नातवाने स्वतः काय केलं, हे छापायला जागाच उरत नाही.

गेवराई तालुक्याने यात नवीन काही शोधलं, असं मात्र नाही. १८८८ साली अमेरिकेत बेंजामिन हॅरिसन अध्यक्षपदाला उभे राहिले. त्यांचे आजोबा विल्यम हेन्री हॅरिसन १८४१मध्ये अध्यक्ष झाले होते. समर्थकांनी लगेच गाणं रचलं : आजोबांची हॅट नातवाला अगदी बरोबर बसते! प्रचाराचा मुद्दा एका दमात तयार.

'पक' नावाच्या साप्ताहिकात जोसेफ केपलर हा व्यंगचित्रकार होता. त्याने हीच हॅट उचलली आणि बेंजामिनच्या डोक्यावर ठेवली; फक्त मोठी करून. त्या उंच हॅटखाली हे एवढंसं माणूस, दाढी तेवढी बाहेर. भाषण नाही, आरोप नाही, नुसतं माप दाखवलं. उमेदवाराच्या माणसांनी कौतुकाने पुढे केलेली वस्तू त्याच्याच अंगावर उलटवायची, ही या धंद्यातली खरी करामत.

आपल्याकडे हा कुंचला बाळासाहेब ठाकरे यांनी चालवला. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रं काढणाऱ्या या माणसाने १९६०मध्ये 'मार्मिक' काढलं आणि १९६६मध्ये शिवसेना. पुढाऱ्यांची चित्रं काढता काढता ते स्वतःच पुढारी झाले. पुढे मुलगा राजकारणात आला, नातू आला. पुतण्या तर राजकारणाबरोबर व्यंगचित्रंही काढतो. म्हणजे टोपीच्या मापाचा प्रश्न कुंचल्याच्या घरीही आलाच.

तलवाड्यात 'पक' निघत नाही. त्याची गरजही पडत नाही. चहाच्या हॉटेलात बाकावर बसलेली मंडळी हे काम बिनकागदाने करतात. फ्लेक्सकडे बघत एखादे आबा बशीतला चहा फुंकतात आणि म्हणतात, "टोपी थोरल्याची हाय, खरं हाय. पर आत डोस्कं कुणाचं हाय, ते बगा की!" सगळे हसतात, भावी सरपंचांचा चुलताही हसतो. संध्याकाळपर्यंत ते वाक्य वाडीवस्तीवर पोचलेलं असतं.

पण हसणं वेगळं आणि मत वेगळं. आबाही शेवटी भावकी बघूनच शिक्का मारत आले आणि आता बटण दाबतात. केपलरच्या हॅटवर अख्खी अमेरिका हसली असेल. तरी १८८८मध्ये हॅरिसन निवडून आलेच, तेही देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मतं मिळवून. चार वर्षं व्यंगचित्रांतली हॅट मोठीच राहिली. १८९२मध्ये ते हरले, पण त्याचं श्रेय एकट्या केपलरला देता येणार नाही. तेव्हा जकातीवरून महागाईची ओरड होती, कामगारांचे संप होते. व्यंगचित्राने कुणाची खुर्ची जात नाही. मात्र खुर्चीवर बसलेल्याला आपलं माप लोकांनी घेतलंय, एवढं कळतं. तेवढ्याने काहींची झोप उडते, काहींची उडत नाही.

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट कुणी फारशी काढत नाही. ४ मार्च १८४१ रोजी थोरल्या हॅरिसननी शपथ घेतली तेव्हा कडाक्याची थंडी होती. अंगात ओव्हरकोट न घालता ते जवळजवळ दोन तास बोलले आणि महिन्याभरात वारले. पुढे ज्यांच्या हॅटवर एवढी गाणी आणि चित्रं झाली, ते आजोबा त्या दिवशी उघड्या डोक्याने उभे होते.